ताबा आईकडे असताना मुलीची खबर बाबाला कोणी द्यायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपरीत राहणारे एक वडील लिहितात: दोन वर्षांपूर्वी परस्पर संमतीनं घटस्फोट झाला. नऊ वर्षांची मुलगी आईकडे, कोथरूडला असते. संमतीच्या अटींमध्ये 'मुलीचा ताबा आईकडे राहील, वडिलांना पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा भेट मिळेल' एवढंच लिहिलंय. यंदा जूनमध्ये शाळेच्या ॲपवरून त्यांचा नंबर काढला गेला. ऑफिसात चौकशी केली तर 'ताबा ज्यांच्याकडे आहे त्यांनाच माहिती देतो' असं सांगून परत पाठवलं. मग मुलगी सायकलवरून पडली, हात मोडला. ते यांना बारा दिवसांनी कळलं, भेटीच्या रविवारी ती गळ्यात हात बांधून जिना उतरली तेव्हा. 'मला कायद्यानं काही अधिकार उरलाय का, की फक्त दर महिन्याला पोटगी भरायची?' असं त्यांनी शेवटी विचारलंय.

अधिकार उरलाय, आणि तो पोटगी भरता म्हणून मिळालेला नाही. पण तो वापरायचा कसा, यात बहुतेक लोक चुकतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात चोवीस वर्षं वकिली करते आहे. ताबा आणि पालकत्व या दोन शब्दांची जितकी गल्लत या काळात पाहिली, तितकी दुसऱ्या कशाचीच नाही. शाळेच्या ऑफिसात होते तशी ती वकिलांच्या टेबलावरही होते. ताबा म्हणजे मूल कोणाच्या घरी राहतं, सकाळी त्याचा डबा कोण भरतं, ताप आला तर रात्री उशाशी कोण बसतं. पालकत्व हा कायद्यानं दिलेला दर्जा आहे. मुलाचं शिक्षण, औषधपाणी, कागदपत्रं, पैसाअडका यांत कोणाचं म्हणणं धरायचं, ते त्यावर ठरतं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ सालचा. त्याचं कलम ६ वाचलं तर ही फारकत तिथंच दिसते. वडील आणि त्यांच्यानंतर आई हे नैसर्गिक पालक, असं ते कलम आधी सांगतं आणि लगेच पुढं म्हणतं की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा. म्हणजे मूल आईकडे असतानाही बाप पालक राहतो, हे कायदा लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं.

यातलं 'वडील आणि त्यांच्यानंतर आई' हे अनेक बायकांना खटकतं, आणि ते खटकायलाच हवं. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं रोखे घेताना पालक म्हणून स्वतः सही केली, ती रिझर्व्ह बँकेनं मान्य केली नाही, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९९ च्या त्या निकालात न्यायालयानं सांगितलं की 'वडिलांनंतर' याचा अर्थ 'वडिलांच्या मृत्यूनंतर' एवढाच घ्यायचा नाही. वडील मुलाची जबाबदारी घेत नसतील, दूर असतील, तर ते हयात असतानाही आई पालक असते. त्यामुळे तुमच्या मुलीची आई तिची पालक नाही असा अर्थ या कलमातून कोणी काढू नये, तुम्हीही काढू नका. मुलीला दोन पालक आहेत. तुमच्या हुकूमनाम्यानं ताबा एकीकडे दिला. दुसऱ्याचं पालकत्व संपलं असं त्यात कुठं लिहिलेलं नसेल, तर ते संपलेलं नाही. ते काढून घ्यायचं तर त्यासाठी वेगळा हुकूम लागतो.

आता अडचण कुठं आहे तेही सांगते. 'ताबा नसलेल्या पालकालाही शाळेनं आणि दवाखान्यानं नोंदी दाखवाव्यात' असं स्पष्ट शब्दांत सांगणारं कलम आपल्या कायद्यात नाही. विधी आयोगानं मे २०१५ मध्ये दिलेल्या २५७ व्या अहवालात नेमकी हीच शिफारस आहे: केवळ ताबा नाही या कारणावरून कोणत्याही पालकाला मुलाच्या शाळेच्या आणि औषधोपचाराच्या नोंदी नाकारू नयेत. ती शिफारस अजून कायद्यात उतरलेली नाही. त्यामुळे जे तुमच्या हुकूमनाम्यात लिहिलेलं नाही, त्यासाठी तुम्हाला प्रत्येक खिडकीवर नव्यानं वाद घालावा लागतो. खिडकीमागच्या माणसाला पालकत्व आणि ताबा यांतला फरक ठाऊक असेल अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

आणि हे लिहिलं का जात नाही, याचं उत्तर आम्हा वकिलांना द्यावं लागेल. परस्पर संमतीच्या प्रकरणात फ्लॅट कोणाचा, दागिने कोणाचे, एकरकमी रक्कम किती आणि किती हप्त्यांत, यावर आठवडेच्या आठवडे जातात. त्यावर चार-चार पानं होतात. मुलाचा मुद्दा सगळ्यात शेवटी येतो. तोवर दोघंही इतके थकलेले असतात की 'ताबा आईकडे, भेट दोन रविवार' या दोन ओळींवर सह्या होतात. सुरुवातीच्या वर्षांत मीसुद्धा अशा दोन ओळी लिहिल्या आहेत. त्यातली काही माणसं पुढं तीन-चार वर्षांनी तुमचाच प्रश्न घेऊन परत आली, तेव्हा त्या दोन ओळींचं मोल कळलं.

एक प्रसंग मला विसरता येत नाही. कोर्टात मुलांना भेटवण्यासाठी वेगळी खोली असते. बरीच वर्षं झाली, तिथं एक वडील मुलीसाठी सँडल घेऊन आले होते. गुलाबी, बक्कल असलेले, आत कागदाचे बोळे भरलेले. तिला खुर्चीवर बसवून ते खाली वाकले, एका सँडलमधला बोळा काढला आणि पाय आत घालायला लागले. टाच बाहेरच राहिली. पुन्हा ढकलून पाहिलं. मुलगी म्हणाली, 'बाबा, माझे पाय मोठे झालेत.' त्यांनी तो बोळा परत सँडलमध्ये भरला आणि डबा बंद करून बराच वेळ तसाच मांडीवर धरून बसले. भेटीची वेळ संपेपर्यंत ते फारसं बोललेच नाहीत. माहिती हा शब्द कोर्टात आला की आपल्याला प्रगतिपुस्तक आणि फाईल दिसते. पण पायाचं माप हीसुद्धा माहितीच आहे, आणि ती ज्याच्याजवळ नसते त्याला स्वतःच्या मुलासमोर पाहुण्यासारखं बसावं लागतं.

शाळेचं पाहू. आधी न्यायालयातून हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल काढा; झेरॉक्सवर शाळा विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये. ती जोडून मुख्याध्यापकांच्या नावानं साधं पत्र द्या, आवक शिक्का घ्या. पत्रात काय मागायचं याला महत्त्व आहे. प्रगतिपुस्तकाची प्रत, हजेरी, पालक सभेची तारीख, आणि आजारपण किंवा अपघात झाल्यास फोन, एवढंच मागा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घ्या असा हट्ट धरू नका. तिथं उरलेले चाळीस पालक असतात आणि मुलीच्या घरची गोष्ट त्यांच्यापुढं यायला नको. पत्राच्या शेवटी स्वतःहून एक वाक्य लिहा: 'मुलीला शाळेतून घेऊन जाण्याची परवानगी मी या पत्रानं मागत नाही.'

हे वाक्य का, ते सांगते. मी बऱ्याच मुख्याध्यापकांशी या विषयावर बोलले आहे. त्यांना भीती प्रगतिपुस्तकाची नसते, फाटकाची असते. शाळा सुटताना एकानं मुलाचा उजवा हात धरलाय, दुसऱ्यानं डावा, रिक्षाकाका मध्ये उभे आणि वॉचमननं पोलिसांना फोन लावलाय, हे एकदा ज्या शाळेनं पाहिलं ती पुढं सरसकट सगळ्याच 'दुसऱ्या' पालकांना दार बंद करते. माहिती देणं वेगळं आणि मूल हवाली करणं वेगळं, हे तुमच्या पत्रातूनच त्यांना दिसलं की निम्म्या शाळा तिथंच तयार होतात. मूल नेण्याचा हक्क मात्र हुकूमनाम्यात ज्या दिवशी, ज्या वेळेला दिलाय तेवढाच. भेटीचा रविवार सोडून शाळेबाहेर जाऊन उभे राहू नका, लांबून बघायलासुद्धा नको. मुलं बघतात, आणि घरी जाऊन काय सांगायचं या पेचात पडतात.

'प्रायव्हसी'चं कारण हल्ली फार ऐकू येतं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती हाताळण्यासाठी पालकाची संमती सांगितली आहे. पालक म्हणजे ज्याच्याकडे ताबा आहे तोच, असं त्यात म्हटलेलं नाही. अनुदानित किंवा महापालिकेच्या शाळेत माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो, शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रारही करता येते. माझा सल्ला विचाराल तर हे दोन्ही मार्ग मागं ठेवा. मुलीला त्याच शाळेत अजून काही वर्षं काढायची आहेत. तिच्या वडिलांचं पत्र आलं की शिक्षकांच्या कपाळावर आठी पडते, असं होऊ देऊ नका.

दवाखान्यात परिस्थिती थोडी बरी आहे. डॉक्टरांसाठीचे वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम सांगतात की रुग्णानं किंवा त्याच्या वतीनं अधिकृत व्यक्तीनं उपचाराच्या नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांत द्याव्यात. नऊ वर्षांच्या मुलीच्या वतीनं तिचा नैसर्गिक पालक मागू शकतो. मुलीचा जन्मदाखला, तुमचं आधार आणि हुकूमनाम्याची नक्कल घेऊन लेखी अर्ज द्या. मात्र हात मोडल्यावर कोणत्या दवाखान्यात नेलं हेच ठाऊक नसेल तर अर्ज कोणाला देणार? म्हणून मूळ गाठ पुन्हा आईशीच येऊन पडते.

आणि आता आईच्या बाजूनं बोलते, कारण जितक्या वडिलांचं वकीलपत्र घेतलंय तितक्याच आयांचंही घेतलंय. माहिती न देणाऱ्या बहुतेक आया दुष्ट नसतात, पोळलेल्या असतात. एका आईनं मुलाला गणितात कमी मार्क पडल्याचं विश्वासानं कळवलं. पुढच्या तारखेला ते प्रगतिपुस्तक शपथपत्राला जोडून आलं, 'आईचं अभ्यासाकडे लक्ष नाही, सबब ताबा वडिलांना द्यावा' म्हणून. तिनं पुन्हा कधी काही कळवलं नाही, आणि मी तिला दोष देऊ शकले नाही. ताप आला म्हणून सांगितलं की 'काल गार वाऱ्यात का नेलंस?' असा मेसेज येतो, पडली म्हणून सांगितलं की 'तू कुठं होतीस?' असा फोन येतो. चार वेळा असं झालं की पाचव्यांदा बोटं मेसेज टाईप करत नाहीत.

तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलंय की प्लास्टर बघून तुम्ही जिन्यातच आवाज चढवला. बारा दिवस आपल्याला कळवलं नाही याचा राग येणारच. पण मुलगी तिथं उभी होती. माझा प्रश्न एवढाच: गेल्या दोन वर्षांत तिच्या आईनं तुम्हाला जे जे काही कळवलं, त्याचं तुम्ही काय केलंत? जुने मेसेज उघडा आणि सलग वाचा. याचं उत्तर तुमच्या अर्जाच्या कोणत्याही परिच्छेदापेक्षा जास्त उपयोगी पडेल, कारण समोरचे वकील तेच मेसेज छापून आणणार आहेत.

काही घरांत मात्र माहिती न देणंच बरोबर असतं. मारहाण झालेली आहे, आई पत्ता न सांगता राहते आहे, मुलावरच अत्याचार झाल्याची तक्रार आहे, अशा वेळी शाळेचं नाव म्हणजेच घरचा पत्ता असतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम २१ खाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि भेटीनं मुलाला अपाय होईल असं वाटलं तर भेटही नाकारू शकतात. अशा आयांनी माझं वरचं सगळं वाचून घाबरू नये. फक्त स्वतःच्या मनानं दार बंद करून बसू नका. कोर्टाकडून तसा हुकूम घ्या आणि त्याची नक्कल शाळेत द्या. हुकूम हातात नसेल तर उद्या शाळेला तुमचं ऐकायला आधार उरत नाही.

आता तुमच्या प्रकरणात करायचं काय. घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली, अटींवर सह्या झाल्या, आता काही बदलत नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. ते खरं नाही. १९७३ सालीच सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की मुलांच्या ताब्याचे हुकूम स्वभावतःच तात्पुरते असतात. परिस्थिती बदलली, मुलाच्या हिताला गरज पडली, की ते बदलता येतात, मग ते संमतीनं झालेले का असेनात. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली हुकूमनाम्यानंतरही मुलाचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांबद्दल अर्ज करता येतो. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढं गेलं: ज्याच्याकडे ताबा नाही त्याला नुसती भेट पुरेशी नाही, संपर्कही हवा, रोज पाच-दहा मिनिटं फोनवर किंवा व्हिडिओवर बोलता यावं. तुमच्या अर्जात त्याचा आधार जरूर घ्या.

अर्ज छोटा ठेवा. फक्त माहिती आणि फोन, एवढंच मागा. त्याच अर्जात ताबा बदलण्याची मागणी घुसडू नका, पोटगी कमी करा असंही नको. ज्या अर्जात तीन मागण्या असतात त्याला समोरून तीसपानी म्हणणं येतं आणि तारखांमागून तारखा पडत राहतात. एकाच मागणीच्या अर्जात बऱ्याचदा न्यायाधीश दोघांना विवाह समुपदेशकांकडे पाठवतात आणि तिथं तासाभरात मसुदा होतो. कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्यात समुपदेशक नेमलेले आहेत ते यासाठीच. तिथं वकील बाहेर बसतात, आणि कित्येकदा तेच बरं असतं. मुलगी नऊ वर्षांची आहे, समजूतदार असेल तर न्यायाधीश चेंबरमध्ये तिच्याशी बोलूही शकतात. तशी विनंती तुम्ही होऊन करू नका. दोन पालकांपैकी एकाची बाजू घ्यायला लागेल असं तिला वाटणार.

मसुद्यात काय असावं? मी हल्ली जे लिहिते ते देते, आपापल्या वकिलांना दाखवून बदलून घ्या: 'उभयपक्ष मुलीचे नैसर्गिक पालक राहतील. मुलीचे प्रगतिपुस्तक, हजेरी, पालक सभेच्या तारखा व शाळेच्या सूचना उभयतांना स्वतंत्रपणे मिळतील व शाळेच्या नोंदीत उभयतांचे फोन नंबर राहतील. मुलीस अपघात झाल्यास, दवाखान्यात दाखल करावे लागल्यास किंवा नवीन औषध सुरू झाल्यास मुलगी त्या वेळी ज्यांच्याकडे असेल ते दुसऱ्यास त्याच दिवशी मेसेजने कळवतील. शाळा, बोर्ड किंवा राहता पत्ता बदलण्यापूर्वी तीस दिवस आधी लेखी कळवले जाईल. या अटींमुळे मुलीस शाळेतून घेऊन जाण्याचा कोणताही वेगळा अधिकार निर्माण होत नाही. मिळालेली माहिती मुलीच्या हितासाठी वापरली जाईल.' यातलं 'ज्यांच्याकडे असेल ते' काढू देऊ नका. तुमच्याकडच्या रविवारी ती पडली तर तुम्हालाही त्याच दिवशी कळवावं लागेल. नियम दोघांना सारखा आहे हे दिसलं की समोरच्याचा ताठा बराच उतरतो.

कागदावरच्या अटीइतकीच मला एका वहीची किंमत वाटते. सहकारनगरकडचं एक जोडपं होतं, एकमेकांशी बोलणं पूर्ण बंद. फोन केला की भांडण. समुपदेशकांनी त्यांना शंभर पानी एक वही घ्यायला सांगितली, मुलाच्या दप्तरात राहील अशी. अट एकच: वहीत फक्त मुलाबद्दल लिहायचं, एकमेकांबद्दल एक शब्द नाही. वर्षभरानं ती वही मला बघायला मिळाली. आईच्या बारीक अक्षरात: 'शनिवार. खोकला आहे. सिरप पाच मिली, रात्री एकदाच. पंप निळाच द्यायचा, केशरी डॉक्टरांनी बंद केला. सोमवारी चित्रकला, तेलखडू संपलेत.' खाली वडिलांचं मोठं, तिरकं अक्षर: 'खोकला रात्री दोनदा. पंप निळा दिला. तेलखडू आणले, दप्तरात डाव्या कप्प्यात. वरचा दात हलतोय.' पुढच्या पानावर पुन्हा आई: 'दात पडला.' त्या मुलाला दमा होता. केशरी पंप बंद झाल्याचं त्या वहीशिवाय वडिलांना कळलं नसतं. तुमच्याकडे फोनवर बोलणं शक्य होत नसेल तर ही वही सुरू करा. कोर्टाच्या हुकमाची वाट बघायला नको.

उरलेले काही मुद्दे भराभर. माहिती मिळणं म्हणजे निर्णयावर हक्क मिळणं असं समजू नका. रोजच्या गोष्टी, क्लास कोणता, वाढदिवसाला कुठं जायचं, हे ज्याच्याकडे मूल आहे त्यानं ठरवायचं. पासपोर्टचं वेगळं आहे. अल्पवयीन मुलासाठी दोघांच्या सहीचं अनेक्श्चर डी, म्हणजे संमतीचा फॉर्म लागतो. एकाची संमती मिळत नसेल तर दुसऱ्यानं कारण देऊन अनेक्श्चर सी भरायचं असतं. पुण्यात आयटीमुळं 'ऑनसाइट', म्हणजे कामासाठी परदेशी जाणं रोजचं झालंय, म्हणून हे सांगते: एका पालकानं मूल परस्पर परदेशी नेलं तर ते परत आणण्यासाठी १९८० चा हेग करार आहे, त्यात भारत सामील नाही. मूल एकदा देशाबाहेर गेलं की तिकडच्या आणि इकडच्या कोर्टांत वर्षानुवर्षं जातात. परदेशी जाण्याची नुसती चाहूल लागली तरी आधी कोर्टात या.

पोटगी थकली म्हणून आईला माहिती रोखता येत नाही, आणि माहिती मिळत नाही म्हणून तुम्हाला पोटगी थांबवता येत नाही. थकबाकीसाठी वसुलीचा अर्ज आहे, माहितीसाठी हा. तुम्ही एक महिना जरी पैसे थांबवलेत तरी तुमच्या अर्जातलं बळ जातं, हे माझ्या अनुभवातलं सगळ्यात पक्कं सत्य आहे. हुकूम होऊनही कोणी पाळला नाही तर अंमलबजावणीचा आणि अवमानाचा मार्ग आहे, पण पहिल्या चुकीला तिकडं धावू नका. दुसऱ्या धर्मांच्या वाचकांसाठी: १८९० चा पालक व पाल्य अधिनियम सर्वांनाच लागू आहे, आणि त्यातही मुलाचं हित हीच कसोटी आहे. मुस्लिम कायद्यात तर आईचा सांभाळण्याचा हक्क, हिजानत, आणि वडिलांचं पालकत्व या पहिल्यापासूनच दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर तिथं मुलांच्या ताब्याबद्दल कलम ३८ आहे.

हे सगळं करायच्या आधी, शक्यतो आज रात्रीच, तिच्या आईला एक मेसेज पाठवा. नोटिशीची भाषा नको, जिन्यातल्या प्रसंगाचा खुलासाही लांबलचक नको. असा काहीतरी: 'त्या दिवशी मी तिच्यासमोर ओरडलो, ते चुकलं. प्लास्टर कधी काढायचंय? डॉक्टरांकडे जाताना मी आलेलं चालेल का? नसेल चालत तर एक्स-रेचा फोटो पाठव. रविवारी तिला बाहेर नेताना हाताचं काय काय जपायचं तेही सांग.' उत्तर आलं तर 'ठीक आहे, थँक्यू' एवढंच लिहा, त्यापुढं एक अक्षर नको. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर तोच मेसेज दर पंधरा दिवसांनी एकदा, त्याच सुरात पाठवा. तिसऱ्यालाही उत्तर आलं नाही, की ते तिन्ही छापून अर्जाला जोडा आणि शिवाजीनगरला या.